मॉडेलमध्ये नसलेलं भोक

१

गोविंदा आत्राम ज्या भोकातून पडून मेला, ते भोक कागदोपत्री अस्तित्वातच नव्हतं.

इतक्या वर्षांच्या वकिलीत मी खोटे साक्षीदार पाहिले, खोट्या जखमा पाहिल्या, विम्यासाठी मारलेला खोटा बैलही एकदा पाहिला. पण नसलेल्या भोकातून पडलेला खरा माणूस मला नवीन होता. खरं सांगतो, मला रागच आला. मेलेल्या माणसाला निदान कशानं मेलो ते सांगता यायला हवं.

कळंबच्या अलीकडे, यवतमाळ रस्त्याला, एका न्यासाचं प्रसूती रुग्णालय बांधलं जात होतं. गोविंदा तिथे वायरमन. सप्टेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून तो दुसऱ्या मजल्यावरून चालला होता. खाली सपाट राखाडी जमीन. एका जागी त्यानं पाय ठेवला आणि जमीन मोडली. तिथे स्लॅब नव्हताच, पातळ प्लाय होता, आणि त्यावर सिमेंटचं पाणी फासलेलं होतं. बारा फूट खाली विटांच्या ढिगावर त्याचं डोकं आपटलं. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ठाणेदारांनी त्याच सकाळी साइट इंजिनिअर राजदीप मानवटकरला उचललं. दुसऱ्या दिवशी त्याची आई कांताबाई बाभुळगावहून एसटीनं माझ्या यवतमाळच्या ऑफिसात आली.

"वकीलसाहेब, गोविंदा अन् राजदीप एका ताटात जेवलेले पोरं आहेत. राजदीपनंच त्याले त्या कामावर लावून देल्लं. माह्या पोरानं काही नाही केलं. पण तो तोंडच नाही उघडून राह्यला."

मी कळंबला ठाण्यात गेलो. राजदीप भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी नाव सांगितलं, वकीलपत्र पुढे केलं. त्यानं ते वाचलंही नाही.

"माह्यामुळंच गेला तो," तो म्हणाला. "तसंच लिहून घ्या."

गुन्हा कबूल करायला निघालेल्या अशिलासारखा वकिलाचा दुसरा वैरी नाही. मी गाडी थेट कुंदाताईंच्या दारात नेली.

२

कुंदाताई आष्टीकर म्हणजे यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या निवृत्त प्राध्यापिका. जिल्ह्यातल्या निम्म्या इंजिनिअरांना त्यांनी नापास केलंय आणि उरलेल्या निम्म्यांना रडवून पास केलंय. बांधकामाच्या भानगडीत अडलो की मी त्यांच्याकडे जातो, आणि त्या दरवेळी मला मूर्ख ठरवूनच मदत करतात.

"ठाणेदार काय म्हणतात ते सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचं मत नको."

ठाणेदारांचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये हवेच्या डक्टसाठी एक चौकोनी भोक सोडायचं होतं. मग डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटर दुसऱ्या बाजूला हलवायला सांगितलं, म्हणून भोकही हललं. हा बदल एकवीस ऑगस्टला, गुरुवारी संध्याकाळी, राजदीपच्या टॅबलेटवर आला. स्लॅब टाकला बावीसला, शुक्रवारी. म्हणजे नवा नकाशा हातात असताना त्यानं भोक जुन्याच जागी सोडलं, आणि पुढे चूक झाकायला त्यावर प्लाय टाकून सिमेंट फासलं.

"नकाशा नाही, मॉडेल म्हणा," ताई म्हणाल्या. "बीआयएम म्हणतात त्याला. अख्खी इमारत आधी कम्प्युटरमध्ये बांधायची. भिंत, पाईप, खिडकी, वायर, सगळं. कुणी काही बदललं की ते मॉडेलमध्ये बदलायचं आणि प्रसिद्ध करायचं. मग ते सगळ्यांच्या टॅबलेटवर एकदमच बदलतं. एकाच्या हातात जुनं आणि दुसऱ्याच्या हातात नवं, असं होऊच नये म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"पण झालं की तसं."

"म्हणून तर चप्पल घालतेय. हे मॉडेल कोण सांभाळतो?"

"अनिमेष म्हणून आहे कुणी. पुण्याच्या आर्किटेक्टचा इथला माणूस. राजदीपही त्यांच्याच पगारावर."

ताई दारातच थांबल्या. "अनिमेष? तो माझा विद्यार्थी. आणि राजदीपही." आणि त्या माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्या.

३

दुसऱ्या मजल्यावर पोलिसांनी दोरी बांधली होती. भोकाभोवती मोडक्या प्लायचे तुकडे पडले होते. ताईंनी ते एकदा पाहिले आणि पाठ फिरवली.

"ते काय आहे?"

भोकापासून दहा-बारा पावलांवर पिवळ्या पाइपांचा कठडा उभा होता. चारी बाजूंनी बंद, आत जमिनीवर जाड फळ्या टाकलेल्या, लाल रंगानं 'धोका' लिहिलेलं. साइटवर भोक दिसलं की भोवती असा कठडा लावतात, हे मलाही ठाऊक होतं.

"नवं भोक असेल," मी म्हणालो.

"उचला बरं फळी."

वय झालंय माझं, पण उचलली. खाली स्लॅब होता. ठोकून पाहिलं, भरीव. शेजारची फळी उचलली, तिच्याखालीही भरीव. त्या कठड्याच्या आत भोकच नव्हतं.

मी खुळ्यासारखा बघत राहिलो. जिथे माणूस पडू शकतो तिथे कठडा नाही, आणि जिथे हत्ती नाचवला तरी पडणार नाही तिथे कठडा! पोलिसांना खरं भोक सापडलं होतं, त्यामुळे इकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ताईंनी पर्समधून टेप काढली. त्या वयात गुडघे टेकून त्यांनी शेजारच्या कॉलमपासून कठड्याच्या दोन्ही कोपऱ्यांचं अंतर मोजलं.

"राजदीपनं घाईघाईत कुठेतरी ठेवला असेल," मी म्हणालो.

"घाईतला माणूस कठडा कॉलमला असा काटकोनात लावत नाही, वकीलसाहेब." त्यांनी हात झटकले. "हा कठडा कुणीतरी मोजून लावलाय. नसलेल्या भोकाला."

४

लखीराम राठोड हा स्लॅबचा ठेकेदार. माणसं त्याच्या तांड्यावरची, स्लॅबला खालून टेकू देणाऱ्या सेंट्रिंगचं सामानही त्याचंच. सिमेंटच्या गोण्यांवर बसून तो तंबाखू मळत होता.

"स्लॅब कधी पडला?" ताईंनी विचारलं.

"लिवलं हाय ना बाई, शुक्करवारी." त्यानं आमच्याकडे न पाहता तंबाखू तोंडात टाकली.

"आणि भोक?"

"मले जे पेपरवर दावलं ते मी सोडलं. मी का टॅबलेट घेऊन फिरतो?"

"कठडा कुणी हलवला?"

"मले काय मालूम? आमची सेंट्रिंग मागच्या हप्त्यात निघाली. तवा कठडा भोकालेच होता. मग आमी खालच्या कामाले लागलो." एवढं बोलून तो उठला आणि कामगारांवर उगाच ओरडू लागला.

अनिमेष साइट ऑफिसात होता. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर दोन पडदे. ताईंना पाहताच उठून पाया पडला. पोरगा गुणी आहे असं वाटावं इतका नम्र.

त्यानं आम्हाला मॉडेल दाखवलं. पडद्यावर अख्खं रुग्णालय फिरत होतं. दर शनिवारी दुपारी तो डोक्याला कॅमेरा लावून इमारतीतून चालतो. मग कम्प्युटर ते फोटो मॉडेलवर बसवून बघतो. जिथे जुळत नाही तिथे लाल ठिपका. तो ठिपका थेट पुण्याला दिसतो.

"आपल्या साइटवर आजवर एकही लाल ठिपका नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो लपवावा असंही त्याला वाटलं नाही.

"हा दुसरा मजला?"

"सेंट्रिंग निघाल्याशिवाय तिथले फोटो घेत नाहीत. या शनिवारी पहिल्यांदाच घेतले. जमीन सपाट दिसली, मला वाटलं राजदीपनं जुनं भोक भरून घेतलं. असं काही असेल हे स्वप्नातही आलं नाही."

"आणि तो रिकामा कठडा?"

"नवं भोक पाडायची जागा दाखवायला ठेवला असेल त्यानं."

ताईंनी पडद्यावर नव्या भोकाचं कॉलमपासूनचं अंतर काढायला सांगितलं. त्यानं काढलं. मी ताईंच्या टेपवरचा आकडा पाहिला होता. दोन्ही तंतोतंत जुळत होते.

म्हणजे मॉडेल पाहूनच कठडा लागला होता, आणि लखीरामकडे मॉडेल नव्हतं. माझ्या अशिलाच्या गळ्याभोवतीचा फास मीच आवळून आलो की काय, असं मला वाटू लागलं.

५

ताईंनी आता हट्ट धरला की राजदीपचा टॅबलेट पाहायचा. ठाणेदार भला माणूस. पंचनाम्यात जप्त केलेला टॅबलेट त्यांनी कपाटातून काढून दिला. "सोमवारी सकाळी ताब्यात घेतला तेव्हापासून बंद आहे," म्हणाले.

"इंटरनेट लावू नका," ताई म्हणाल्या. "आहे तसाच उघडा."

टॅबलेट उघडला. दुसरा मजला आला. नवं भोक दिसलं. ताईंनी अंतर पाहिलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. भोक कठड्याच्या जागी नव्हतं. चांगलं दोन फूट अलीकडे होतं.

"अनिमेषच्या पडद्यावर तर..."

"अनिमेषच्या पडद्यावर आजचं मॉडेल आहे. भोक दोनदा हललंय, वकीलसाहेब. एकदा एकवीस ऑगस्टला, आणि नंतर पुन्हा दोन फूट. हा दुसरा बदल सोमवारी सकाळी टॅबलेट बंद होईपर्यंत राजदीपला मिळालाच नव्हता. मग त्या जागेवर कठडा त्यानं कसा मोजून लावला?"

ठाणेदार पुढे सरकून बसले. पण लगेच त्यांनी मान हलवली. "मान्य. पण चूक तर त्याचीच ना? गुरुवारी बदल आला, शुक्रवारी स्लॅब टाकला. चूक ज्याची, झाकायची गरजही त्याचीच."

आम्ही बाहेर आलो. टपरीवर चहा घेतला. ताई चहा नुसताच ढवळत बसल्या.

"बावीस ऑगस्टला तुम्ही काय करत होतात?" त्यांनी एकदम विचारलं.

"मी का आरोपी आहे? काय करणार! कारकून सकाळीच बैल सजवायला गावी पळाला. मी पुरणपोळ्या चापल्या आणि..."

मी थांबलो. ताई माझ्याकडेच बघत होत्या.

बावीस ऑगस्टला पोळा होता.

या जिल्ह्यात पोळ्याच्या दिवशी कोणी साधं घमेलं उचलत नाही, आणि आम्ही सगळे, मी, ठाणेदार, जन्म इथेच काढलेले लोक, त्या तारखेकडे नुसतेच बघत होतो. पडद्यावर आकडा होता. आकड्यात कोणालाच सण दिसला नाही.

६

लखीराम आता पळवाट शोधेना. उलट ताईंवरच चिडला.

"पोयाच्या दिशी कोन स्लॅब टाकते बाई? माह्या तांड्यावरचा एक गडी आला नसता. आदल्या दिशीच टाकला, गुरवारी. सकाळी लागलो, चार वाजता मोकये झालो."

"मग शुक्रवार काहून लिहिला?"

"पुन्याच्या टाइमटेबलात शुक्करवार होता. त्यायले का पोया समजते? तारीख बदलाची तं तिकडून परवानगी लागते, अन् ते याले आठ दिवस लागते. म्हून साहेब लोक काम आपल्या सोयीनं करतात अन् तारीख पुन्याच्या सोयीची टाकतात. नेहमीचंच हाय."

"अनिमेषला माहीत होतं?"

"म्हंजे? नारळ त्यानंच फोडला ना! पेढे खाल्ले, वर जाऊन स्लॅब पाह्यला."

ताईंनी तिथूनच रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन लावला. एकच प्रश्न विचारला: ऑपरेशन थिएटर हलवायचं तुम्ही कधी सांगितलं? "जुलैमध्ये," डॉक्टर म्हणाल्या. "अनिमेषला समोर बसवून सांगितलं होतं."

संध्याकाळी ठाण्यात ठाणेदारांनी अनिमेषला बोलावून घेतलं. राजदीपलाही आणून बसवलं. त्याची मान खालीच होती. ताई अनिमेषच्या समोर बसल्या आणि वर्गात गणित सोडवावं तशा बोलू लागल्या.

"जुलैत तुला बदल सांगितला. तू तो मॉडेलमध्ये घालायचा विसरलास. गुरुवारी स्लॅबवर उभं राहून पेढा खाताना तुला समोर भोक दिसलं, तेव्हा आठवलं. काँक्रीट तर पडून गेलं होतं. पण तुला हेही ठाऊक होतं की राजदीप तारीख शुक्रवारची टाकणार. म्हणून त्याच संध्याकाळी तू बदल प्रसिद्ध केलास. मॉडेलमध्ये तुझा बदल आधी आणि त्याचा स्लॅब नंतर. तुझी चूक त्याच्या अंगावर गेली, आणि त्याला बोलता येईना, कारण तारीख त्यानं स्वतः खोटी टाकली होती."

"मॅडम, हे नुसते अंदाज..."

"शनिवारी फोटोची वेळ आली. जुनं भोक दिसलं असतं तर लाल ठिपका. पुण्याहून चौकशी. मग डॉक्टर, मग जुलै. म्हणून तू प्लाय टाकलास, सिमेंट फासलंस, आणि कठडा उचलून नव्या जागी नेलास, म्हणजे फोटोत तिथे फळ्यांखाली भोक आहे असं वाटावं. पण त्याच शनिवारी सकाळी तू ते भोक आणखी दोन फूट हलवलं होतंस, आणि ते सोमवारी दुपारपर्यंत प्रसिद्ध केलं नव्हतंस. दोन्ही वेळा मॉडेलच्याच नोंदीत आहेत. शनिवारी ती जागा जगात एकाच माणसाला ठाऊक होती. तुझी ड्रॉइंग नेहमी अशीच अचूक असायची. कठडाही तू तसाच लावलास."

अनिमेष राजदीपकडे पाहायचं टाळत होता.

"फक्त फोटोपुरतं होतं ते," तो शेवटी म्हणाला. "सोमवारी मी स्वतः उभं राहून भरून घेणार होतो. सकाळी यायला उशीर झाला, मॅडम. एवढंच झालं."

एवढंच! माझा हात उठला होता. ठाणेदारांनी तो धरला नसता तर माझ्यावरही एक केस झाली असती. ताई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसल्या. तो त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी होता, हे मला परतताना गाडीत कळलं.

७

सुटायचं असेल तर राजदीपला जबाबात लिहून द्यावं लागणार होतं की स्लॅबची तारीख त्यानं खोटी टाकली. त्यानं लिहून दिलं. ठाणेदारांनी त्याला सोडलं, आणि पुण्याच्या ऑफिसनं दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. पुन्हा कोणी त्याला साइटवर उभं करेल असं मला वाटत नाही. कांताबाईला त्याचं काही नव्हतं. पोरगा घरी येतोय एवढंच तिला पुरे होतं.

मी त्यांना गाडीनं बाभुळगावला सोडलं. घराच्या ओट्यावर एक बाई बसली होती. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर. गोविंदाची बायको दीपा. राजदीप गाडीतून उतरला आणि तिथेच उभा राहिला.

मला वाटलं, ती आता शिव्या देईल किंवा रडेल. मी पुढे होऊन सांगू लागलो की राजदीप निर्दोष आहे, खरा गुन्हेगार सापडला, कठडा राजदीपनं हलवला नव्हता. तिनं माझं ऐकून घेतलं, पण नजर राजदीपवरून काढली नाही.

"तुले मालूम होतं ना, तिथं भोक आहे म्हणून?" तिनं त्याला विचारलं.

"मालूम होतं."

"मंग त्याले काहून नाही सांगतलं?"

ठाण्यात राजदीपनं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आता बाहेर आलं.

"सांगतलं होतं, वहिनी. रविवारी, इथंच. म्हटलं, उद्या वर काम आहे, तिथं एक भोक उघडं आहे. पिवळा कठडा दिसन तुले. त्याच्यापासून दूर चालजो."

कठडा शनिवारीच हलला होता. सोमवारी गोविंदानं वर जाऊन पिवळा कठडा पाहिला असेल, आणि मित्रानं सांगितलं तसा त्याच्यापासून लांबून, सपाट जमिनीवरून, निर्धास्त चालत गेला असेल.

कांताबाईनं तोंडाला पदर लावला. दीपा मात्र तशीच बसून होती.

"तुह्या शब्दाबाहेर तो कधीच नाही गेला," ती म्हणाली.